वाट सांगणाऱ्याचे ऋण

अनोळखी माणसाच्या शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न आपण बहुधा मुलांच्या संदर्भात विचारतो आणि त्याचे उत्तरही आपल्याजवळ तयार असते. ओळख नसलेल्या माणसाने काही दिले तर घेऊ नकोस, बोलावले तर जाऊ नकोस, असे आपण शाळेत निघालेल्या मुलाला बजावतो. हा उपदेश योग्यच आहे. पण त्याच मुलाला रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगतो. ओळखपाळख नसताना वाटेवरच्या जखमी माणसाला उचलून घेणारा तो परकाच खरा शेजारी ठरला, असे त्याच्या मनावर बिंबवतो. मूल थोडे जाणते झाले की या दोन शिकवणी त्याच्या मनात समोरासमोर उभ्या राहतात. परका म्हणजे धोका, की परका म्हणजे शेजारी? मोठ्यांनी या प्रश्नाचा निकाल लावलेला असतो असे नाही. त्यांनी तो बाजूला ठेवलेला असतो, इतकेच.

आपल्या मराठी भाषेनेही हा प्रश्न आपल्या पोटात जपून ठेवला आहे. येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची परंपरागत फोड केली जाते. म्हणजे न कळवता दारात उभा राहणाऱ्यासाठी आपण मानाचा शब्द राखून ठेवला. एखाद्याला वाटेला लावणे म्हणजे त्याला निरोप देऊन मार्गस्थ करणे. आणि त्याची वाट लावणे म्हणजे त्याचा नाश करणे. दोहोंत अंतर एका प्रत्ययाचे. परक्याशी आपण जे वागतो त्यातही पुष्कळदा इतकेच अंतर असते.

या प्रश्नाकडे नीट पाहण्याची संधी आम्हांला एका प्रवासाने दिली. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे, दोन कुटुंबांतील दोन दांपत्ये, मोटारीने खानदेशात चार दिवस हिंडलो. आम्ही वसईकडची माणसे. जळगाव, भुसावळ, धुळे ही नावे आमच्या लेखी रेल्वेच्या वेळापत्रकातली. तेथे आमचे सगेसोयरे कुणी नाहीत. प्रवासाचा आराखडा आम्ही मुद्दामच केला नाही. नियम एकच ठेवला. जेथे जाऊ तेथील एका माणसाला विचारायचे, 'आम्ही येथून कुठे जावे असे तुम्हांला वाटते?' आणि तो सांगेल तेथे जायचे. भ्रमणध्वनीवरील नकाशा रात्रीच्या मुक्कामाची सोय करण्यापुरताच उघडायचा.

खानदेश त्यासाठी अगदी योग्य होता, हे आम्हांला मागाहून कळले. हा मुळातच वाटसरूंचा प्रदेश आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे उत्तरेकडे जाणारी मोगलकालीन वाट येथूनच जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली बादशहा जहांगीरच्या भेटीला निघाला तो याच वाटेने, नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला पोचला. आजही मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. ज्या भूमीवरून शतकानुशतके परकी माणसे जात-येत राहिली, त्या भूमीतील लोकांना परक्याशी बोलण्याची सवय असणारच.

जळगावच्या भाजीबाजारात भरताची वांगी विकणाऱ्या एका बाईंना आम्ही आमचा पहिला प्रश्न विचारला. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिले, आणि मग क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "आसोद्याले जा. बहिणाबाईचं माहेर हाये ते." आसोदे जळगावपासून अगदी जवळ. १८८० साली बहिणाबाई चौधरी तेथे जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या मुखातून निघालेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. पर्यटकाच्या दृष्टीने आसोद्यात पाहण्याजोगे फारसे काही नाही. पण त्या वांगी विकणाऱ्या बाईंनी आम्हांला प्रेक्षणीय स्थळ सांगितलेच नव्हते. आपल्यासारख्याच एका कष्टकरी बाईचा त्यांना वाटणारा अभिमान त्यांनी आमच्या हाती ठेवला होता.

आसोद्याच्या पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला एरंडोलजवळच्या पद्मालयाला धाडले. तेथे गणपतीचे पुरातन देवस्थान आणि कमळांचे तळे आहे. लहानपणी आईने खांद्यावर बसवून ते तळे दाखवले होते, एवढेच कारण त्यांनी सांगितले. पद्मालयाच्या चहावाल्याने अमळनेरचे नाव घेतले, कारण त्याचे आजोबा तेथे गिरणीत कामाला होते. अशा रीतीने आम्ही पुढे पुढे जात राहिलो, आणि दुसऱ्या दिवसाअखेर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. 'धुळ्याचा रस्ता कोणता?' आणि 'आम्ही कुठे जावे?' हे दोन प्रश्न दिसायला जवळचे असले तरी जातीने वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर कुणीही दिले तरी तेच असायला हवे. दुसऱ्याचे उत्तर देताना माणूस स्वतःचे काहीतरी उघड करतो. आपल्याला काय प्रिय आहे, कशाचा अभिमान वाटतो, कोणती आठवण अजून जिवंत आहे, हे तो एका अनोळखी माणसाला सांगून मोकळा होतो. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत आणि जगभरचे प्रवासी जळगावला उतरतात ते त्यांच्यासाठीच. तरीही चार दिवसांत एकानेही आम्हांला अजिंठ्याला जा असे सांगितले नाही. प्रसिद्ध गोष्ट सर्वांचीच असते. परक्याला देताना माणूस आपले स्वतःचे असेल ते देतो.

आता या देण्याघेण्यात नीती कोठे येते? अमळनेर मुक्कामी आम्हांला याचा विचार करावासा वाटला, आणि ते गावही तसेच आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. खानदेशातल्या एका व्यापारी गावात केवळ तत्त्वचिंतनासाठी वास्तू उभी राहावी, हे नवलच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात याच गावी शिक्षक होते. त्या वास्तूच्या आवारात फिरताना आम्हांला क्नुड लोगस्ट्रुप या डॅनिश धर्मचिंतकाची आठवण झाली. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेला मुख्य विचार असा की, माणूस दुसऱ्याशी बोलतो तेव्हाच तो स्वतःला थोडाफार त्याच्या हाती सोपवतो. विश्वास ही पुढे केव्हातरी कमवायची गोष्ट नसून संवादाचा आरंभच विश्वासाने होतो. आणि म्हणून समोरच्याच्या आयुष्याचा काही अंश, लहान असो की मोठा, सदैव आपल्या ओंजळीत असतो.

वाट विचारणे हे याचे अगदी साधे उदाहरण आहे. विचारणारा आपले अज्ञान कबूल करतो, आपला वेळ, आपले इंधन, कधी आपली सुरक्षितताही समोरच्याच्या एका शब्दावर टाकतो. सांगणाऱ्याने खोटे सांगितले तर त्याचे काहीच बिघडत नाही. तो परक्याला पुन्हा कधी भेटणार नाही. ज्या ठिकाणी खोटे बोलण्याची शिक्षा नाही आणि खरे बोलण्याचे बक्षीस नाही, अशा ठिकाणी माणूस कसा वागतो, यावरून त्याच्या सत्यनिष्ठेची परीक्षा होते. कोर्टातल्या शपथेपेक्षा चव्हाट्यावरचे उत्तर या दृष्टीने अधिक कठीण म्हणावे लागेल.

या परीक्षेत उणे पडणारे दुष्ट असतात असे मात्र नाही. एका तिठ्यावर एका दुकानदाराने मोठ्या उत्साहाने आम्हांला एक रस्ता दाखवला. दहाबारा किलोमीटर गेल्यावर तो रस्ता एका शेतात संपला. त्याला आम्हांला फसवायचे नव्हते. पाहुण्याला 'नाही' म्हणणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने ठाऊक नसलेली वाट सांगितली. आपल्याकडे अशा वागण्याला भलेपणा समजतात. आम्हांला मात्र त्यात एक सूक्ष्म उणीव दिसते. असे उत्तर देणारा आपला चांगुलपणा सांभाळतो, पण समोरच्याची गरज विसरतो. याउलट धुळ्यात एका रिक्षावाल्या तरुणाला आम्ही राजवाडे संशोधन मंडळाचा पत्ता विचारला, तेव्हा तो सरळ म्हणाला, "मला माहीत नाही, थांबा." रिक्षा बाजूला लावून त्याने तिघांना विचारले, चौथ्याला आमच्यापाशी घेऊन आला आणि मग आपल्या वाटेने निघून गेला. 'माहीत नाही' हे तीन अक्षरी-दोन अक्षरी दोन शब्द. पण त्यांत नम्रता आहे, सत्य आहे, आणि 'थांबा' या शब्दाची जोड मिळाली की प्रेमही आहे. आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांतही हे उत्तर फार क्वचित ऐकू येते.

राजवाडे मंडळाकडे आम्हांला अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षकांनी पाठवले होते. तेथे गेल्यावर असे वाटले की, आमच्या चार दिवसांच्या खेळाला या माणसाने आपले सबंध आयुष्य दिले होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुन्या कागदपत्रांच्या शोधात महाराष्ट्रभर हिंडले. अमक्या वाड्यात दप्तर आहे, तमक्या घरी माळ्यावर रुमाल बांधून ठेवले आहेत, अशा ऐकीव वार्तांचा माग काढत ते गावोगाव पोचत. अशा भटकंतीतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड सिद्ध झाले. पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच त्यांचा देह पडला आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचा स्वभाव तिखट होता, हे सर्वश्रुत आहे. तरीही ज्यांना त्यांची काही माहिती नव्हती अशा किती घरांनी आपले वाडवडिलांचे कागद त्यांच्यापुढे सोडले असतील! विश्वास दोन्ही अंगांनी लागतो. शोधकाला सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबून कोस न् कोस चालावे लागले, आणि घरधन्याला दारात उभ्या राहिलेल्या अपरिचिताला माळ्यापर्यंत येऊ द्यावे लागले. यांतला एक जरी बिचकला असता, तरी इतिहासाचे ते पान वाळवीने खाल्ले असते.

पण त्या खंडांवर नाव राजवाड्यांचे आहे. 'त्या वाड्यात विचारा' असे सांगणाऱ्या शेकडो मुखांची नावे कुणाला माहीत नाहीत. अजिंठ्याचेही तसेच. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या त्या दरीत आला आणि लेणी बाहेरच्या जगाला कळली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने कोरलेले स्वतःचे नाव आणि तारीख आजही दाखवतात. लेण्यांची ती जागा त्याला एका गुराख्याच्या पोराने दाखवली, अशी कथा त्या भागात सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले सत्य खोटे होत नाही. लेणी 'सापडली' असे आपण म्हणतो तेव्हा ती ज्यांना कधी हरवलीच नव्हती, त्यांना आपण विसरतो. वाट चालणाऱ्याचे नाव खांबावर राहते. वाट दाखवणाऱ्याचे राहत नाही.

म्हणून हे ऋण फेडायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. वांगीवाल्या बाईंना आम्ही पुन्हा भेटणार नाही. रिक्षावाल्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. ज्याचे ऋण त्याला परत करता येत नाही, ते पुढे येणाऱ्या तिसऱ्याला द्यावे लागते. आईबापांचे ऋण मुलांना वाढवून फेडावे, तसे वाट सांगणाऱ्याचे ऋण वाट विचारणाऱ्याला उत्तर देऊन फेडावे. इथपर्यंत आमचे विचार सुखाने चालले होते. चौथ्या दिवशी ते सुख संपले.

धुळ्याबाहेर लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गुरे राखणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला साक्री तालुक्यातील भामेर गाठायला सांगितले. "डोंगर पाहा तेथला, पोखरून ठेवलाय सगळा," असे त्यांचे म्हणणे. भामेर ही एका काळची राजधानी. डोंगराच्या कड्यात कोरलेली दालने खालूनच दिसतात. जाताना साक्रीच्या वाटेवर चहासाठी थांबलो असता गावातील काही मंडळींनी आमची आस्थेने चौकशी केली. "कथा चालनात, भाऊ?" असा अहिराणीतील प्रश्न आता आमच्या कानांना सवयीचा झाला होता. आम्ही आमच्या प्रवासाचा नियम सांगितला. सगळे हसले, दोघांनी ठिकाणे सुचवली. एक वयस्क गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "तुम्ही मोटारीतून आलात म्हणून बरं. राईनपाडा याच तालुक्यात आहे."

त्या नावाचा अर्थ वाचकांच्या स्मरणात असेल. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण त्या दिवशी तेथे आले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचली होती. पाहता पाहता जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. त्याच सुमारास देशाच्या इतर भागांतही अशाच अफवांनी बळी घेतले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. तेथेही अफवाच होती. भय एकदा गावात शिरले की ते झोळी पाहत नाही आणि मोटारही पाहत नाही.

तरीसुद्धा त्या वृद्ध गृहस्थांचे वाक्य खरे होते, आणि ते आमच्या मनातून जाईना. आम्ही आणि ते पाच जण एकाच तालुक्यातले परके. गावात येऊन अनोळखी माणसांपुढे हात पसरणे हे आम्हीही केले. आम्ही सल्ला मागितला, ते भिक्षा मागत. आमच्या वाट्याला चहा आला. वांगीवाल्या बाईंनी आधी मोटारीकडे पाहिले होते, हे आम्हांला आता आठवले. चार दिवस आम्हांला मिळालेला विश्वास खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या माणसांचे प्रेम निर्मळ होते. पण आमचे कपडे, आमची भाषा आणि आमचे वाहन यांनी आमच्याआधी पुढे जाऊन आमची जामीनकी घेतली होती. ज्याला असा जामीन नाही, त्याला काय मिळते, यावर गावाची, समाजाची आणि धर्माचीही पारख व्हायला हवी.

ही गोष्ट फार पूर्वी एका संताने नेमकी ओळखली होती. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे ५३ वे प्रकरण पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत प्रभू ख्रिस्ताचे करावे तसे करावे, हा त्यातला विचार आपल्या परिचयाचा असतो. पण पुढे ते सांगतात की, गरीब आणि यात्रिक यांच्याबाबतीत विशेष काळजी घ्यावी. त्याचे त्यांनी दिलेले एक कारण फार मार्मिक आहे. श्रीमंतांना मान देण्यास निराळी शिकवण लागत नाही. त्यांचा दबदबाच तो मान मिळवून देतो. आदरातिथ्य हा सद्गुण आहे की नाही हे श्रीमंत पाहुण्यावरून ठरत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

१७९५ साली जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट यानेही चिरंतन शांततेवरील आपल्या निबंधात परक्याचा विचार केला. त्याच्या मते, दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवले एवढ्यावरून कुणालाही शत्रू लेखता येत नाही. आणि ही दयेची बाब नसून त्या परक्याचा हक्क आहे. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसे एकमेकांपासून अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत. म्हणून त्यांना एकमेकांचे सान्निध्य सोसावेच लागते, असा त्याचा युक्तिवाद. संताने प्रेमाच्या वाटेने जे सांगितले, तेच तत्त्ववेत्त्याने न्यायाच्या वाटेने सांगितले. न्याय हा पाया आणि प्रेम हे त्यावरचे घर. राईनपाड्याला घर तर नव्हतेच, पायाही खचला होता.

येथे एखादी आई आम्हांला विचारील, आणि तिला तो अधिकार आहे: मग मुलांना आम्ही सावध करू नये का? जरूर करावे. मुले हरवतात, फसवली जातात, हे खोटे नाही. राईनपाड्याच्या बाजारातल्या आयांचे भय खरेच होते. अफवा खोटी होती. आम्ही सावधपणा आणि संशय यांत भेद करू इच्छितो. सावध माणूस प्रश्न विचारतो. कोण तुम्ही, कुठून आलात, कुणाकडे जायचे आहे, असे तो विचारतो, उत्तर ऐकून घेतो, पारखतो, शंका राहिली तर पोलीस पाटलाला बोलावतो. संशयी माणसाजवळ उत्तर आधीच तयार असते, म्हणून त्याचे कान बंद होतात. सावधपणात संवाद चालू राहतो, संशयात तो तुटतो. खानदेशातला तो 'कथा चालनात?' हा साधा प्रश्न सावधपणाचाही आहे आणि अगत्याचाही आहे. गाव जोवर हा प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकायला थांबते, तोवर परक्याला तेथे धोका नाही, आणि गावालाही नाही.

अफवेबद्दलही तोच न्याय लावता येईल. तिठ्यावरच्या दुकानदाराने ठाऊक नसलेली वाट सांगितली, त्यात आमचा अर्धा तास गेला. व्हॉट्सॲपवर ठाऊक नसलेली वार्ता पुढे पाठवणारा तेच करतो. फक्त तेथे माणसाचा जीव जातो. 'मला माहीत नाही, थांबा' हे धुळ्याच्या रिक्षावाल्याचे वाक्य त्या रविवारी त्या बाजारात एका तरी वजनदार माणसाने मोठ्याने उच्चारायला हवे होते.

हे सारे धुळे-जळगावपुरते आहे असे समजून आम्हां वसईकरांना स्वस्थ बसता येणार नाही. गेल्या चार दशकांत आमच्या वाड्यांच्या कुंपणापर्यंत इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर नाना प्रांतांची माणसे आली. जमिनी गेल्या, पाणी आटले, याची व्यथा खोटी नाही आणि तिच्यासाठी लढणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण त्या व्यथेतून आमच्या बोलण्यात 'बाहेरचे' हा एक शब्द रुजला, आणि तो उच्चारताना आवाज कसा खाली जातो, हे मुले ऐकत असतात. दुपारी फाटकाशी येऊन पत्ता विचारणारा मजूर, भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण, वीटभट्टीच्या हंगामासाठी आलेले आदिवासी कुटुंब, मिस्साला मागच्या बाकावर बसणारा आणि कुणी न बोलल्याने तसाच परत जाणारा परप्रांतीय कॅथलिक तरुण: यांना आमच्याकडून उत्तर कोणते मिळते? मोटारीतून उतरून याच गोष्टी विचारणाऱ्याला मिळते तेच मिळते का?

पुनरुत्थानाच्या दिवशी एम्माउसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक परका भेटला. त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले नसतानाही त्यांनी त्याला बोलू दिले, त्याचे ऐकले आणि दिवस कलला तेव्हा आग्रह करून घरात घेतले. ओळख पटली ती त्यानंतर, भाकर मोडताना. त्यांनी आधी ओळखपत्र मागितले असते, तर तो पुढेच निघून गेला असता. आम्हांला या कथेत आता एक व्यवहाराचा नियमही दिसतो. ओळख पटल्यावर विश्वास ठेवायचा हा बँकेचा नियम आहे. थोडा विश्वास ठेवल्यावाचून ओळख पटतच नाही, हा वाटेचा नियम आहे.

तेव्हा प्रश्न 'परक्यावर विश्वास ठेवावा का?' इथून सुरू झाला असला तरी तो तेथे संपत नाही. वाट विचारणारे आपण आयुष्यात थोडेच दिवस असतो. उरलेले सर्व दिवस आपण वाट सांगणारे असतो. त्या दिवसांत आपल्यापाशी येणाऱ्याला आपल्यावर विश्वास ठेवता येईल असे आपण आहोत का, हे प्रत्येक घराने आपल्या उंबरठ्याला विचारावे. जळगावच्या बाजारातल्या त्या बाईंना आम्ही काही देऊ शकलो नाही. त्यांचे देणे आमच्या फाटकाशी येणाऱ्या, मोटार नसलेल्या पुढच्या माणसाचे लागते, आणि तो कोणत्या दिवशी येईल हे ठरलेले नाही.